पिस्तूल हाती येते, नेम येत नाही

१/
सप्टेंबर उजाडला की मराठवाड्यातल्या गावोगावच्या गटांतून एक चित्र फिरू लागते. एका अंगाला क्रांतिकारकांचे चेहरे, दुसऱ्या अंगाला पिस्तूल आणि मधोमध उपदेश. आशय असा : इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपल्याला निःशस्त्र केले, म्हणून पुढे रझाकार उरावर बसले, मूठभर तरुणांनी पिस्तूल उचलले, म्हणून स्वातंत्र्य आले, तेव्हा आता घरटी एक परवाना हवा. यंदा हे चित्र आमच्या पोखर्णीच्या गटातही आले. त्याखाली उमटलेले जोडलेले हात मोजले आणि हा धागा लिहायला बसले.

२/
आधीच सांगते, मी नेमबाजीच्या विरोधात नाही. उलट, परभणी जिल्ह्यातल्या मुलामुलींनी पिस्तूल-नेमबाजी शिकावी असे मला मनापासून वाटते. माझे भांडण वेगळे आहे. या चित्रात पिस्तूल आहे, परवाना आहे, शौर्य आहे. नेम मात्र कुठेही नाही. तो कसा येतो, कुठे शिकायचा, तो चुकला तर जबाबदार कोण, याविषयी अक्षरही नाही. आणि जो इतिहास साक्षीला उभा केला आहे, तो उलटी साक्ष देतो. एकेक विधान तपासू.

३/
पहिले विधान : १८७८ चा शस्त्र कायदा. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला हा कायदा अन्यायकारक होता, यात शंका नाही. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनाला सूट, अशी त्याची उघड वर्णभेदी रचना होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला, तो रास्तच होता. पण हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा. परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. लिटनच्या कायद्याने मराठवाडा निःशस्त्र झाला आणि त्याचे फळ १९४८ मध्ये भोगावे लागले, ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

४/
मग निजामाच्या राज्यात शस्त्रे नव्हती काय? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रदेश शस्त्रांनी भरलेला होता. जमीनदारांच्या गढ्यांवर शिबंदी होती. अरब आणि रोहिले भाडोत्री शिपाई गावोगाव होते. त्यांतले अनेक जण सावकारी करत आणि वसुली तलवार-बंदुकीच्या धाकाने करत. नौसाजी नाईकांची नोव्ह्याची गढी १८१९ मध्ये घेण्यासाठी तोफखान्यासह फौज आणावी लागली, इतके बळ खासगी हातांत होते. सामान्य कुणब्याला या शस्त्रसमृद्धीने सुरक्षित केले नाही. ज्याच्या दारी जास्त बंदुका, त्याचा शब्द कायदा, एवढाच त्याचा अनुभव होता.

५/
हे चित्र काही प्रमाणात बदलले ते सालारजंग पहिला याच्या सुधारणांनी. १८६५ ची जिल्हाबंदी, पगारी महसूल अधिकारी, जिल्हा पोलीस आणि न्यायालये ही त्याची साधने. ती व्यवस्था आदर्श नव्हती, हे मुक्तिसंग्रामाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. तरीही सुरक्षितता शस्त्रांच्या संख्येने येत नाही; शस्त्रधारी कुणाला तरी जाब देण्यास बांधलेला असावा लागतो, हा या शतकाचा धडा आहे. १९४७-४८ मध्ये नेमके हेच बंधन सुटले. राज्यसत्तेनेच रझाकारांना मोकळे रान दिले.

६/
इथे कुणीतरी गांधीजींचा दाखला काढतोच. निःशस्त्रीकरणाच्या कायद्याची त्यांनी कठोर निंदा केली होती, हे खरे आहे. पण केव्हा? १९१८ मध्ये, खेडा जिल्ह्यात, पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती करताना. शस्त्र शिकायचे असेल तर फौजेत जा, शिस्तीखाली शिका, असा त्या आवाहनाचा रोख होता. त्यातून घरोघरी पिस्तुलाचे समर्थन काढणे म्हणजे अर्जाचा पहिला परिच्छेद वाचून सही करणे.

७/
दुसरे विधान : क्रांतिकारकांचे पिस्तूल. त्यांच्या धैर्याविषयी मला बोलायचे नाही. ते निर्विवाद आहे. पण ते नेमके कसे वापरले गेले हे पाहू. २२ जून १८९७, पुणे, गणेशखिंड रस्ता. दामोदर चापेकरांनी चालत्या गाडीवर मागून चढून रँडवर गोळी झाडली. अंतर हातभर. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने जागीच मेला. रँड, ज्याच्यासाठी सारा बेत होता, तो ३ जुलैपर्यंत जगला.

८/
२१ डिसेंबर १९०९, नाशिक, विजयानंद नाट्यगृह. अनंत कान्हेरे यांचा मराठवाड्याशी संबंध फारसा कुणाला ठाऊक नसतो : ते औरंगाबादेत शिकत होते आणि तिथूनच नाशिकच्या गटाशी जोडले गेले. लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर जी वीस ब्राउनिंग पिस्तुले सावरकरांनी पाठवली, त्यांतले एक त्यांच्या हाती होते. ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्यांनी समोरून, अगदी जवळून, एकामागून एक गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले.

९/
१७ डिसेंबर १९२८, लाहोर. खेडचे शिवराम हरी राजगुरू यांची पहिली गोळी अचूक बसली. पण माणूस चुकला. लक्ष्य होता पोलीस अधीक्षक स्कॉट. पडला तो साँडर्स. पाठलागावर आलेला हवालदार चननसिंग हाही त्या दिवशी मारला गेला. म्हणजे हात उत्तम असूनही ओळख चुकू शकते, आणि गोळी सुटली की जो पहिल्या बेतात नव्हता तोही मरतो. नेम म्हणजे केवळ हात स्थिर असणे नव्हे. समोर कोण आहे आणि त्याच्या मागे कोण आहे, हे कळणे हा त्याचाच अर्धा भाग आहे.

१०/
२२ जुलै १९३१, पुणे, फर्ग्युसन महाविद्यालय. वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर काही फुटांवरून गोळी झाडली. ती छातीशी लागली, पण आत शिरली नाही. हॉटसन वाचला आणि गोगटे पकडले गेले. काही फुटांचे अंतर, बेसावध लक्ष्य, पूर्वतयारी, अमाप धैर्य. इतके सगळे जुळूनही निकाल हाती नव्हता.

११/
आता या चारही प्रसंगांत समान काय आहे ते पाहा. वेळ गोळी झाडणाऱ्याने ठरवली. जागा त्याने ठरवली. अंतर त्याने मिटवले. समोरचा बेसावध होता. यांतला एकही प्रसंग स्वसंरक्षणाचा नाही! स्वसंरक्षणात हे सारे उलटे असते : वेळ, जागा, अंतर आणि उजेड समोरचा ठरवतो, बेसावध असतो तो आपण. हल्ल्याच्या इतिहासातून बचावाचा धडा काढणे ही केवळ भावनिक चूक नाही, ती पद्धतीची चूक आहे. असे पुरावे आमच्या वर्गात कुणी मांडले, तर प्रबंध परत येतो.

१२/
आता नेमाचे गणित. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला माशी असते आणि मागे खाच. दोन्ही एका रेषेत आणून लक्ष्य साधायचे. या दोहोंतले अंतर १६ सेंटिमीटर धरा. माशी खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली, तर गोळी १० मीटरवर सुमारे ६ सेंटिमीटर आणि २५ मीटरवर साडेपंधरा सेंटिमीटर चुकते. रायफलीत हे अंतर कितीतरी मोठे, शिवाय तिला खांद्याचा आधार. म्हणून तीच चूक तिथे बरीच लहान होते. पिस्तूल हे हाताळायला सोपे दिसणारे आणि नेमाला सर्वांत अवघड असे शस्त्र आहे. चित्रपटांनी आपल्याला नेमके उलटे शिकवले.

१३/
हे गणित रोज सोडवणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूरची राही सरनोबत. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग एशियाडमध्ये अंतिम फेरी ३४-३४ अशी बरोबरीत सुटली आणि शूट-ऑफनंतर तिने सुवर्ण घेतले. त्याआधी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात जोडीचे सुवर्ण मिळाले होते, ते राही सरनोबत आणि अनिसा सय्यद यांना. दोघी महाराष्ट्राच्या. हे दुसरे नाव जरा लक्षात ठेवा. पुढे १९४८ कडे जायचे आहे.

१४/
या प्रकारात काय करावे लागते? साठ गोळ्या. पहिल्या तीस संथ : पाच-पाचच्या सहा फेऱ्या, प्रत्येकीला पाच मिनिटे, दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या ५ सेंटिमीटर व्यासाचे. पुढच्या तीस जलद : लक्ष्य ३ सेकंद दिसते, ७ सेकंद लपते. प्रत्येक गोळीआधी हात खाली, लक्ष्य दिसताच वर, एकच गोळी, पुन्हा खाली. यासाठी रोजचा सराव मुख्यतः गोळीविना असतो : रिकामे पिस्तूल, कोरी भिंत, माशीवर खिळलेली नजर, श्वासाचा विसावा आणि बोटाने चाप इतका हळू दाबणे की माशी हलू नये. चाप दाबून झाल्यावरही क्षणभर तसेच थांबायचे. हजारो वेळा. हे शौर्य नाही, हा रियाज आहे.

१५/
आणि एवढे करूनही नेमबाज स्वसंरक्षणाची हमी देणार नाही. रेंजवर लक्ष्य उभे असते, अंतर मोजलेले असते, मागे गोळी अडवणारा मातीचा बांध असतो. घरात मागे भिंत असते आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे अंथरूण. भीतीने हात कापतो, नजर आकसते. म्हणून ज्याला खरोखर धोका आहे आणि ज्याने रीतसर परवाना घेतला आहे, त्याच्यावर सरावाचे ओझे खेळाडूहून जास्त आहे. खेळाडूची चूक गुण घालवते.

१६/
कायदाही हेच सांगतो. खासगी बचावाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ३७ म्हणते, बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. सरकारी मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही. कलम ४४ मध्ये तर प्राणघातक हल्ला परतवताना निरपराध माणसाला इजा होण्याच्या शक्यतेचाही विचार आहे. म्हणजे तुम्ही किती, केव्हा आणि कुणावर, हे तीन प्रश्न न्यायालय विचारणार. तिन्हींचे उत्तर नेमात आहे, परवान्याच्या कागदावर नाही.

१७/
तिसरे विधान, सर्वांत नाजूक : १९४८. रझाकारांचे अत्याचार खरे आहेत. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी अर्जापूरला गोविंदराव पानसरे मारले गेले; त्यापुढची दोन वर्षे मराठवाड्याच्या कित्येक गावांनी रात्री जागून काढल्या. पण प्रतिकार घरटी पिस्तुलाने झाला नाही. एकीकडे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह होता, दुसरीकडे उमरखेडसारखे सरहद्दीवरचे कॅम्प. कॅम्पात शस्त्र संघटनेचे असे, हुकूम संघटनेचा असे. ३० जानेवारी १९४८ ची उमरीची बँक लूट ही अशाच शिस्तीची कारवाई. त्या लढ्याची ताकद एकट्या माणसाच्या कमरेला नव्हती.

१८/
आणि या विधानाची दुसरी बाजू आपल्या फिरत्या चित्रात कधीच येत नाही. रझाकार स्वतःला काय म्हणवत? स्वयंसेवक. आपल्या समाजाच्या आणि राज्याच्या संरक्षणासाठी उभे राहिलेले. ‘स्वसंरक्षण’ हा शब्द त्यांच्याही तोंडी होता. मग १३ ते १७ सप्टेंबरची पोलीस कारवाई झाली, निजाम शरण आला, आणि शस्त्रांचे पारडे फिरले.

१९/
त्यानंतर काय झाले हे पाहायला नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल समिती आली. कारवाईच्या काळात व त्यानंतर किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज. बळी मुख्यतः मुसलमान. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. नांदेड आपल्या कुशीला आहे! समितीने आणखी एक गोष्ट नोंदवली : मुसलमानांची शस्त्रे काढून घेतली गेली आणि हिंदूंकडची अनेक ठिकाणी तशीच राहिली. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

२०/
काही वाचक इथे रागावतील. रागवा, पण आकडा वाचून रागवा. मी रझाकारांचा गुन्हा हलका करत नाही. मी एवढेच म्हणते की १९४६ ते ४८ या दोन-अडीच वर्षांत मराठवाड्याने एकाच शस्त्राची दोन्ही टोके पाहिली. आज ज्याला स्वसंरक्षण म्हणून बंदूक मिळते, तो उद्या कुणाच्या दारात उभा असेल हे बंदूक ठरवत नाही. १९४८ चा धडा ‘प्रत्येकाला शस्त्र’ असा निघत नाही. शस्त्र कुणाकडे, कुणाच्या देखरेखीखाली आणि किती काळ, हे विचारणारी निःपक्ष सत्ता नसेल तर दोन्ही बाजूंचे दुबळे मरतात, असा निघतो.

२१/
‘पोलीस वेळेवर येत नाहीत, मग आम्ही काय करायचे?’ हा आक्षेप खोटा नाही. अंधारातून एकटीने गावाकडे चालत येताना मीही किल्ली मुठीत धरली आहे. पण शेजारच्या बीडकडे पाहा. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर राज्याला कळले की त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने आहेत. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या चित्रफिती बाहेर आल्या, पुढे अनेक परवाने रद्द झाले. इतक्या पिस्तुलांनी त्या जिल्ह्याला निर्भय केले होते काय? २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठरवला आहे. असा कायदा करावा लागतो, यातच आपल्याकडचे पिस्तूल मुख्यतः कशासाठी आहे ते दिसते.

२२/
२०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याआधी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणले, हे चांगले झाले. पण ते एकदाच. पुढे वर्षानुवर्षे पिस्तूल कपाटात पडून राहिले, हात गंजला, दृष्टी मंदावली, तरी नूतनीकरणाला नेमाची परीक्षा नाही. गाडी चालवणाऱ्याकडून आपण आठ काढून घेतो. शस्त्रधारकाने दरवर्षी मान्यताप्राप्त रेंजवर नेम आणि सुरक्षित हाताळणी दाखवावी, अन्यथा परवाना स्थगित व्हावा, ही मागणी घरटी परवाना मागणाऱ्यांनी का केली नाही? कारण त्यांना नेम नको आहे, रुबाब हवा आहे.

२३/
दुसरी परंपरा आपल्याकडे आहे, तिचे चित्र कुणी फिरवत नाही. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. संस्थापक आणि पहिले अध्यक्ष कोण? गणेश वासुदेव मावळंकर. अहमदाबादचे मराठी वकील, गांधीजींचे सहकारी, पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. आजही नेमबाजीची मोठी अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्या नावाने होते. अहिंसेच्या चळवळीतल्या माणसाला नेमबाजीची संस्था उभारण्यात विसंगती वाटली नाही, कारण त्यांनी बंदूक माजघरातून काढून मैदानावर आणली : नियम, पंच, गुणफलक आणि मातीचा बांध यांच्यामध्ये.

२४/
कोल्हापूरने हेच केले. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत एका शहरातून आल्या, त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडत २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकले. ही रक्ताची जादू नाही. रेंज, प्रशिक्षक आणि वर्षानुवर्षांचा सराव यांचे हे फळ आहे. आमच्याकडे मुलीला नेमबाजी शिकायची तर आधी शहर बदलावे लागते.

२५/
तर मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याला १० मीटरची हवाई पिस्तूल रेंज. ठरावीक शक्तीपर्यंतच्या हवाई पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. एक लांब बंदिस्त खोली, छर्रे अडवणारी भिंत, डोळ्यांना चष्मे, चार पिस्तुले आणि एक जाणता प्रशिक्षक एवढ्यावर काम सुरू होते. दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे. साठ गोळ्या, सव्वा तास. ज्याला पिस्तुलाची ओढ आहे त्याने तिथे या आणि आपला हात आपल्या डोळ्यांनी पाहा.

२६/
आमच्या पोखर्णीला नृसिंहाच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते. चार हातांवरचा फुगा चुकतो आणि प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो : बंदूक वाकडी आहे. मीही म्हटले होते. दुकानदार काही न बोलता बंदूक घ्यायचा, फुगा फोडायचा आणि परत हातात द्यायचा. त्या मांडवात चुकीचा दंड दहा रुपये असतो. घरटी पिस्तूल मागणाऱ्यांनी आधी तिथे दहा छर्रे मारून यावे, आणि किती लागले ते त्याच चित्राखाली प्रामाणिकपणे लिहावे.

धागा समाप्त. मतभेद असेल तर तारखेसह मांडा, उत्तर देईन.